धावपट्टीवरचं खळं

३ नोव्हेंबर

मोजणीवाले आले. धावपट्टीवर आडवी चुन्याची रेघ मारून गेले. रेघेच्या पलीकडे, मलंगगडाच्या अंगाला, नवं विमानतळ — साध्या माणसांचं. अलीकडचं लष्कराकडेच राहणार. विमानतळात ज्याचं शेत, त्याच्या घरात एक नोकरी. जुने कागद कुणाकडेच धड नाहीत, म्हणून जुन्या माणसांनी जागा दाखवायची. जुनं माणूस गावात एकच उरलंय. मी.

नातू केदार मानपाड्याची कंपनी बंद पडल्यापासून घरात बसून आहे. म्हणाला, "आजी, आपलं खळं पलीकडेच ना?"

हो म्हटलं.

५ नोव्हेंबर

केदारची बहीण अंतरा विचारते, खळं म्हणजे काय. कॉलेजात जाते म्हणे!

तिला सांगितलं. गोऱ्यांनी लढाईसाठी शेतं घेतली, वर सिमेंट ओतलं. लढाई संपली की परत देतो म्हणाले. लढाई संपली, गोरे गेले, सिमेंट राहिलं. विमान काही येईना. मग आमच्या सासवांनी उरलेल्या शेतातला भात झोडायला तिथेच नेला. खाली ज्याचं शेत, वर त्याचं खळं. अशी रीत घातली, म्हणजे भांडण नको.

दिवाळी झाली की अख्खं गाव धावपट्टीवर. पेंढ्याचा वास, खाली तापलेलं सिमेंट. मी आणि शेजारची गंगुबाई एकदमच भारे आपटायला घ्यायचो. तिचा हात माझ्याहून जलद. मी कधी कबूल केलं नाही. पहारेकरी हाकलायला यायचा आणि आमची भाकरी खाऊन जायचा.

आता तारेचं कुंपण आहे. गंगुबाई पण नाही.

६ नोव्हेंबर

जेवण गेलं नाही. दात दुखतो म्हणून सांगितलं. दात आहेत कुठे.

७ नोव्हेंबर

लिहून टाकते. पलीकडचं खळं आमचं नाही.

माझं लग्न झालं त्या साली आमच्या खळ्याला भेगा पडलेल्या. दाणे आत जायचे. गंगुबाईकडचा भात तेव्हा किडीने गेलेला, त्यांचं खळं रिकामं. सासूने त्यांच्याशी अदलाबदल केली, एका हंगामापुरती. परत करायचं राहिलं ते राहिलंच. शेजारीण, बोलली नाही. फक्त आम्ही दोघीच असलो की माझं नाव घेऊन टोमणा मारायची — दगडे, माझ्या जागेवर झोडतेस आणि तरी माझ्या मागे?

गेल्या शिमग्यात ती गेली. आता हे जाणणारी मी एकटी.

खरं बोलले तर नोकरी तिच्या मुलाच्या, पोपटच्या घरात. गप्प बसले तर केदारला.

९ नोव्हेंबर

केदार दाढी करून फोटो काढून आला. अर्जाला लागेल म्हणाला. सहा महिन्यांनी शिट्टी वाजवत होता. मी तुळशीला पाणी घालत बसले. तिची मुळं कुजतील.

१० नोव्हेंबर

सगळे जमलेले. मोजणीवाल्याने विचारलं, आजी, तुमचं कुठलं?

मी रेघेच्या अलीकडे गेले. भेगांवर काठी टेकली. आमचं हे. ते पलीकडचं पोपटचं. अदलाबदलीचंही सांगितलं.

केदार फोटोचं पाकीट खिशात घालून पुढे निघून गेला. घरी आल्यावर सून अक्षदाने ताट आदळून वाढलं. आदळ बाई. जेवले मी. आज जेवण गेलं.

११ नोव्हेंबर

सकाळी पोपट आला. आत येईना, उंबऱ्यातच उभा. म्हणाला, "काकी, मना ठाव व्हतं. इमानतळाचं ऐकलं तवाच आये सांगून गेली. बोलली, तू तोंड उघडू नको, दगडी सोताच सांगल."

तिला खात्री होती. मला नव्हती.