कार्डाची पाठ

प्रिय अप्पा,

पाच वाजता गौरीला फोन करायचाय आणि तिला काय सांगावं ते सुचत नाही, म्हणून आधी तुम्हाला लिहायला बसले. तीन वाजून गेलेत. घाईत लिहितेय, अक्षराला हसू नका.

तुमची नात वकील झाली. नांदेडला कोर्टाजवळ खोली घेतली, आणि आता तिला व्हिजिटिंग कार्डं छापायचीत. परवा येऊन माझ्यापुढे तीन नमुने टाकून गेली. एक गुळगुळीत, चकचकीत. एक वर उठलेल्या अक्षरांचं. आणि तिसरं जाड कागदाचं, आपल्या छापखान्यातल्यासारख्या शिशाच्या अक्षरखिळ्यांनी दाबून छापलेलं, सगळ्यात महाग. "आई, पाठीला हात लावून बघ! अक्षर न् अक्षर लागतंय. अज्जा असंच छापायचे ना? मला हेच पायजे. तू हाव म्हण, की ऑर्डर देते."

अप्पा, तुम्ही असता तर ते कार्ड खिडकीतून बाहेर गेलं असतं!

तुमचा तो अंगठा! छापलेलं कार्ड उलटं करून, डोळे मिटून पाठीवरून फिरवायचात. "कांते, शाई कागदाला लागली पायजे, खिळा न्हाई. पाठीला कळलं की छपाई वाया गेली, आन् खिळाबी." शिशाचे खिळे जोरात दाबले की चेपतात, हे मला बाराखडीच्या आधी कळलं होतं. आणि आता म्हणे तीच चूक लोक हौसेनं मागून घेतात.

मी 'हाव' म्हणणारच होते. म्हटलं, पोरीची हौस, जुनं कशाला उकरायचं? तुमच्या हातचं एखादं कार्ड तिला दाखवावं म्हणून आज दुपारी तुमची पेटी उघडली.

थांबा. आधी त्या दिवसाचं सांगते. माझ्या तोंडून तुम्हाला ते कधी ऐकायलाच मिळालं नाही.

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. पावसानं दगा दिला होता. टँकर आला की अख्खी गल्ली घागरी घेऊन पळायची. आणि इकडे नवी कचेरी, नवे साहेब, नवे वकील! जो तो कार्डावर 'जि. लातूर' छापून घ्यायला उतावीळ. असेच एक वकीलसाहेब आले. त्यांना सोलापूरहून चकचकीत कार्डं आणायची होती. तुम्ही त्यांना बसवून चहा पाजलात आणि शब्द दिलात, "साहेब, शंभर कार्डं माझ्याकडनं घ्या. पाठीला लागलं तर पुन्हा माझं तोंड बघू नका." ती पसंत पडली असती तर बाकीच्या वकिलांचंही काम आपल्याकडे आलं असतं.

नेमकं उदगीरला मयतीला जावं लागलं तुम्हाला. निघताना दोनदा बजावलंत, "ऊन चढायच्या आत छाप. रूळ नरम पडला की मशीन बंद. म्या आल्यावर बघू." शाई लावायचा रूळ आपला सरस आणि गूळ शिजवून ओतलेला, उन्हात ढिला पडायचा. एरवी आपण खिडक्यांना ओली पोती बांधायचो. त्या दिवशी घरात एकच घागर होती, ती आईनं प्यायला झाकून ठेवलेली.

वीसेक कार्डं झाली आणि अक्षरं फिकट यायला लागली. थांबायला पाहिजे होतं. पण साहेब चार वाजता यायचे होते, आणि कांता एकटी छापखाना चालवू शकते, हे मला तुम्हाला दाखवायचं होतं. दाब वाढवायला मी कार्डामागे जादा कागद घातले. एक, दोन, मग पाच. अक्षरं काळीभोर आली! पाठ मी बघितलीच नाही. खोटं कशाला बोलू, बघितली. आणि गठ्ठा बांधला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही परत आलात, आणि तासाभरात साहेबांनी तो गठ्ठा तुमच्यापुढे आपटला. "अप्पा, ही छापलीत का ठोकलीत?" दारात दोन गिऱ्हाईकं उभी. मी खिळ्यांच्या खणात डोकं घालून उभी. आता अप्पा माझ्याकडे बघणार, आता नाव घेणार... आणि तुम्ही म्हणालात, "माझाच हात जड पडला, साहेब. माफी असावी."

ते गेल्यावर मी म्हणाले, "रूळ ढिला होता, अप्पा." तुम्ही 'हाव' म्हणालात आणि टोपी घालून बाहेर पडलात. त्यानंतर कार्डाचं काम तुम्ही कधी घेतलं नाही. लग्नपत्रिका, पावतीबुकं, हँडबिलं, बस. नव्या जिल्ह्याची कार्डं दुसऱ्यांनी छापली. आणि मी इतकी वर्षं समजत राहिले, की तुम्हाला रुळाचंच खरं वाटलं. केवढी शहाणी मी!

आज पेटीच्या तळाशी फडक्यात बांधलेला, मी त्या दिवशी छापलेला जुळवणीचा मजकूर सापडला. वकीलसाहेबांचं अख्खं कार्ड, खिळे दोऱ्यानं जसेच्या तसे आवळलेले. 'जि. लातूर'चं तोंड पार चेपलेलं. काम झालं की खिळे परत खणात, हा तुमचा नियम. एक खिळा बाहेर राहिला तर तुम्ही जेवायला बसत नव्हता. मग हे का राहिले? फडकं मांडीवर घेऊन बसले तेव्हा उमगलं. खणात गेले असते तर पुढचा मजकूर जुळवताना ते माझ्याच हाताला लागले असते. ढिल्या रुळानं खिळे चेपत नाहीत, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. तुम्हाला कळलंय, हे मला कळू नये म्हणून तुम्ही ते लपवलेत.

का, अप्पा? एक थोबाडीत मारली असती, तर मी रडून मोकळी झाले असते. राग येतो तुमचा. लई राग येतो.

पावणेपाच झालेत. गौरीला सांगणार आहे, तुझ्या अज्जानं असं एकही कार्ड छापलं नाही. ते तुझ्या आईनं छापलं, आणि बोलणी अज्जानं खाल्ली. वकील आहे, उलटतपासणी घेईल. घेऊ दे. मग कार्ड कसलं छापायचं ते तिनं ठरवावं. पण अज्जासारखं पाहिजे म्हणाली, तर मी नांदेडला जाऊन मशीनपाशी उभी राहीन. पहिलं कार्ड उलटं करून, डोळे मिटून पाठीवर अंगठा फिरवीन. लागलं तर मशीन थांबवीन.

या वेळी थांबवीन, अप्पा.

हात जिचा जड पडला होता ती,
कांता