सकावाची अर्धी गोष्ट

राजा घाट, वाराणसी
डिसेंबर १९९७

प्रिय मुकुल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र काही दिवस तसंच ठेवून देशील, याची मला कल्पना आहे. ठेव, पण फाडू नकोस. आधी चांगली बातमी सांगते. माझं नवं पुस्तक आलं. दिल्लीच्या प्रकाशकांनी कागद बरा वापरला आहे आणि या खेपेला रंगही आपापल्या जागी बसले आहेत. अण्णा गेल्यापासून त्यांची खोली मी कामाला घेतली. खिडकीतून घाटाच्या पायऱ्या दिसतात आणि त्यापुढे सध्या नुसतं पांढरं. दुपारपर्यंत धुकं हलत नाही, पैलतीर आहे की नाही तेही कळत नाही. रंगाच्या पाण्यात बोट बुडवलं तर हाड दुखतं. तरी मी रोज बसते. बसायची सवय तूच लावलीस, हे अजून कबूल करते.

आपलं पहिलं पुस्तक आठवतं? धोब्याच्या दोरीवर चुकून ढग वाळत घातला जातो, ते. तू बँकेच्या बदलीवर इथे आला होतास आणि अण्णांकडे वरची खोली भाड्याने मागायला म्हणून आलास. मी तेव्हा हिंदी मासिकांना चित्रं द्यायचे, बहुतेक पाककृतींची. तू जिन्यात उभा राहून माझी वांगी पाहिलीस आणि म्हणालास की हे वांगं काहीतरी लपवतंय. त्या वांग्यापासून आपण सुरू झालो. तू वाक्य सांगायचास, मी चित्र काढायचे, मग चित्रात सगळं आलंय म्हणून तुझं वाक्यच आपण खोडायचो. छापखान्यात लाल रंग सरकला आणि सगळ्या माकडांचे गाल चेहऱ्याबाहेर गेले, तेव्हा मी रडले होते आणि तू म्हणालास, मुलांना हेच आवडेल. खरंच आवडलं.

तू सांगलीला बदली मागून घेतलीस, त्यानंतर मला शब्दही स्वतःच लिहावे लागले. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही, म्हणून मी कमी लिहिते. एका पानावर एक ओळ, कधी तीही नाही. लोक त्याला संयम म्हणतात. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात आली आहे. माझ्या पुस्तकांत मूल नेहमी पाठमोरं असतं. गेल्या वर्षी दिल्लीला बक्षीस मिळालं, तेव्हा व्यासपीठावरचे एक गृहस्थ त्यावर बराच वेळ बोलले, की पाठमोरं मूल म्हणजे वाचणाऱ्या प्रत्येक मुलासाठी मोकळी जागा. मी मान हलवली. खरं कारण तुला सांगायला नको. समोरून काढायला बसले की एकच चेहरा येतो.

सई गेल्यापासून मी मुलांसमोर जाणं टाळत आले. पुस्तकं मुलांसाठी करायची आणि मुलांपासून लांब राहायचं, असं माझं चाललं होतं. आनंदीने ते मोडलं. आनंदी म्हणजे आपल्या गल्लीतल्या दीक्षितांची धाकटी, तू होतास तेव्हा परकर नेसून फिरायची, आता नदीपलीकडे रामनगरच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. दिवाळीनंतर ती हट्टालाच पेटली, की ताई, आमच्या पोरांनी पुस्तक करणारं माणूस कधी पाहिलं नाही. मी गेले. शाळा अगदी वाळूच्या कडेला आहे. पटांगण संपतं आणि गंगेची वाळू सुरू होते, मध्ये भिंत नाही. मी ढगाचं पुस्तक दाखवलं, माकडांचे गाल दाखवले, पोरं हसली. मग नेहमी विचारतात तसं मी विचारलं, तुम्हाला कोणती गोष्ट येते? मागच्या रांगेतून बऱ्याच जणी एकदम बोलल्या. म्हणाल्या, सकाववाली.

मुकुल, मी खडू खाली ठेवला.

गीता नावाची एक मुलगी उठली. दात पडलेले, स्वेटर भावाचा. तिने शेजारणीला पाठमोरी बसवली आणि गोष्ट सांगत तिच्या पाठीवर बोट फिरवायला लागली. आधी गोल. मग चार पाय, पुढचे दोन आधी. मग शेपूट, टिंबासारखी. मग पाठीच्या मधोमध वर जाणारी एक रेघ आणि तिच्या टोकाला ज्योत. पाठीवर दिवा घेऊन एक सकाव पैलतीरी निघालं आहे, दिवा विझता कामा नये. सगळं हिंदीत, आणि मध्येच तो शब्द. त्यांच्याकडे कासवाला कछुआ म्हणतात. गीताला विचारलं, सकाव म्हणजे काय गं? ती म्हणाली, त्याचं नावच ते आहे.

कासव म्हणता न येणारी एकच मुलगी मला माहीत आहे. ती गोष्ट आपण कधी कागदावर उतरवली नाही. बाकीची सगळी पुस्तकं जगाची, ही आपल्या घरची, असं तूच म्हणायचास. तू सांगायचास आणि मी तिच्या पाठीवर बोटाने चित्रं काढायचे, ती पालथी पडून ओळखायची. पाय आधी, दिवा शेवटी. ती रामनगरला कधी गेली नव्हती. घरात ही गोष्ट अण्णांनाही माहीत नव्हती. आणि रोज सकाव नदीच्या मधोमध पोचायचं, दिवा फडफडायला लागायचा आणि तू थांबायचास. ती म्हणायची, मग? तू म्हणायचास, उद्या. तुला शेवट सापडला नव्हता, हे मला ठाऊक होतं. शोधू सावकाश, असं आपल्याला वाटत होतं.

त्या पावसाळ्यात तिचा ताप डोक्यात गेला. वॉर्डात शुद्धीवर आली तेव्हा तिने तेच विचारलं, आणि तू व्हरांड्यात निघून गेलास. मी त्याबद्दल तुला कधी बोल लावला नाही, आजही लावत नाही. एवढ्या लहान मुलांना इथे अग्नी देत नाहीत. तू आणि अण्णा होडीतून मधोमध गेलात, मी पायऱ्यांवर होते. त्याच सुमारास सरकारने नदीत कासवं सोडली होती. ती पाण्यातली प्रेतं खाण्यासाठी सोडली होती, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. त्यानंतर त्या गोष्टीचं नाव आपण काढलं नाही, आणि मग हळूहळू कशाचंच नाव काढलं नाही.

शाळेतून आल्यावर मी स्वतःची पुष्कळ समजूत घातली. एखादी कामवाली, एखादा नावाडी, कोणीतरी कधी ऐकलं असेल. मी पुन्हा गेले आणि पोरांना एकेक करून विचारलं. मोठ्यांनी सांगितलं की धाकट्यांकडून ऐकली. धाकट्या म्हणाल्या, वाळूत खेळताना. कोणी सांगितली? गीता म्हणाली, "वही, जो पीछे बैठती है." दिसते कशी, असं विचारलं तेव्हा तिला माझा प्रश्नच वेडगळ वाटला. "पीछे से पीठ पर बनाती है. मुँह कैसे देखेंगे?" आनंदी माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा दंड धरला, आणि मग ती कोण, हे विचारायचं राहिलं नाही.

मी गीताला म्हटलं, मधोमध दिवा फडफडतो, मग पुढे? मुकुल, त्यांच्याकडे पुढचं आहे. तू जिथे थांबायचास त्याच्या पुढचं. दिवा विझतो. सकाव अंधारात पोहत पैलतीरी पोचतं आणि वाळूवर बसून राहतं. घरी जात नाही, परतही फिरत नाही. का, म्हणून विचारलं तर सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "उद्या का रास्ता देखता है." आपल्या भाषेतला हा शब्द त्या पोरींना माहीत नाही. त्यांना वाटतं, उद्या हे एका माणसाचं नाव आहे. मी विचारलं, कोण हा उद्या? गीताने दोन्ही हातांची बोटं वळवून डोळ्यांवर चष्मा केला आणि खांदा एका बाजूला पाडून चालून दाखवलं. तू बँकेची पिशवी घेऊन जिना चढायचास, तसंच.

मला भीती वाटली, पण तुला वाटेल तशी नाही. घरी आले आणि पहिल्यांदा ते पुस्तक करायला घेतलं. इतक्या वर्षांत चित्र हेच माझं काम झालं आहे, दुसरं मला काही येत नाही. पाण्याचं पान झालं, दिव्याचं झालं. वाळूवर बसलेलं सकाव मात्र कागदावर येईना. हात तिथे आला की थांबायचा, तुझ्यासारखा. शेवटी मी एक शेवट घडवला. सकावाला घेऊन जायला त्याची आई येते. तो घेऊन मी शाळेत गेले. पोरांनी ऐकून घेतलं. मग गीता मान हलवून म्हणाली, "नहीं. आप नहीं. उद्या बताएगा." रागाने नाही, एखाद्या वाट चुकलेल्याला सांगावं तसं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वाळूत बसले होते. ऊन तिरपं झालं होतं, पलीकडे आपले घाट पुसट दिसत होते. सगळी पोरं माझ्यासमोर होती, लंगडी खेळत. आनंदीही समोरच होती. माझ्या मागे पाण्यापर्यंत नुसती वाळू. आणि माझ्या पाठीवर, शालीवरून, कोणीतरी बोट टेकवलं. लहान बोट. गोल काढला. पुढचे दोन पाय, मागचे दोन. टिंबासारखी शेपूट. मग ते बोट पाठीच्या मधोमध आलं, दिव्याच्या जागी, आणि तिथेच थांबलं. वर जाईना. दाबून तसंच राहिलं, जसं ती उत्तराची वाट बघायची तेव्हा. मी मागे वळले नाही. वळून कोणी नसतं तर मला ते सोसलं नसतं, आणि कोणी असतं तरी. मी एवढंच म्हटलं, "सकाव आहे, सई." बोट हललं नाही. तिला हे उत्तर नको होतं, ते तिला माहीतच होतं. पोरं घरी निघाली, आनंदीने हाक मारली, तेव्हा कधीतरी ते उचललं गेलं. शाल झटकताना मला तिच्यावर ओला डाग दिसला.

तरीही मी तुला लिहिलं नसतं. इतक्या वर्षांनी तुझ्या शांत दिवसांत हे आणून टाकायचं माझ्या जिवावर आलं होतं. बाई भ्रमिष्ट झाली असं तू म्हणशील, त्याचीही लाज वाटत होती. पण गेल्या आठवड्यात भर सकाळी, धुक्यात, गीता सरळ नदीत चालत गेली. छातीपर्यंत पाणी येईपर्यंत कोणाला दिसली नाही. पिंपांवर तरंगणाऱ्या पीपा पुलावरून जाणाऱ्या एकाने उडी घेऊन तिला ओढून काढलं. काय करत होतीस, असं विचारल्यावर ती काकडत म्हणाली की उद्या येत नाही, म्हणून मी त्याला आणायला निघाले होते, मागे बसते ती एकटी कंटाळली आहे. परवा तिच्याहून लहान अशा दोघी गुडघाभर पाण्यात सापडल्या. त्यांनीही हेच सांगितलं. मुकुल, आपल्या मुलीला कोणाचं वाईट करायचं नाही. तिला फक्त गोष्ट पुरी करून हवी आहे, आणि ती माझ्याकडून चालत नाही. म्हणून हे पत्र. शेवट लिहून पाठवू नकोस, मी वाचून दाखवलेला तिथे कोणी मानणार नाही. तू ये. चांगला सापडला नसेल तर साधा सांग, पण त्या वाळूवर बसून तुझ्या तोंडाने सांग. मुगलसराईला मी घ्यायला येईन. गाडीची तार कर. गीताची आई सध्या पोरीचा पाय ओढणीने खाटेला बांधून ठेवते. काल मी गेले तेव्हा ती गाठ आवळत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं की असं किती दिवस. मी तिला सांगितलं आहे की माझ्या मुलीचे बाबा येताहेत.

तुझीच,
मधुवंती