ह्यांच्या डाव्या हाताबद्दल, वन्संना

आदरणीय वन्सं यांना,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आता कसे आहेत? जिना चढताना उजवा जास्त दुखतो की डावा, हे मुद्दाम कळवा. हल्ली आमच्या घरात उजव्या-डाव्याला फार महत्त्व आले आहे. आम्ही सगळे मजेत आहोत असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. खरे सांगायचे तर तुमच्या भावाचा मला महिनाभर संशय येत होता.

सुरुवात दाढीपासून झाली. ज्या माणसाने आजवर साधा ओरखडा काढून घेतला नाही, तो रोज गालाला कापूस चिकटवून दुकानात बसायला लागला. मग सदऱ्याच्या डाव्या बाहीला खडू. (शिंप्याच्या बाहीला खडू लागणारच, हे मला कळते, पण तो उजव्या बाहीला लागतो. धुणारी मी आहे.) मग दुपारचे दुकानाचे दार आतून लावून घेणे सुरू झाले. विचारले तर म्हणाले, माप घेतोय. कोणाचे, ते सांगेनात. मी एकदोनदा दाराला कान लावला, तर आत कुजबुज आणि हसणे. या वयात, असला खोकला असताना, ह्यांच्याशी कुजबुजायला येणार कोण, अशी मनाची समजूत घालून परत फिरले. पण जिवाला चैन नाही.

तेवढ्यात शेजारीण म्हणाली, तिच्या दिराला अर्धांगाचा झटका आला, त्याआधी त्याच्याही हातांचा असाच घोळ सुरू झाला होता. झाले! त्यापेक्षा ती कुजबुजणारी परवडली, असे वाटले. मी ह्यांना भिंतीशी उभे करून दोन्ही हात वर करायला लावले, मग हसायला सांगितले. (तोंड वाकडे होते का ते बघायचे असते.) तर म्हणाले, "लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा हसायला सांगतेस." मला तेही संशयास्पदच वाटले, आणि मी त्यांना ओढत मेंदूच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी त्यांना नाकाला बोट लावायला लावले, अंगठ्यावर एकेक बोट टेकवायला लावले. डावा हात उजव्यापेक्षा भराभर चालला. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा डावा भाग उजवा हात चालवतो आणि उजवा भाग डावा. (वायरमनने घरात अशा उलट्या तारा जोडल्या असत्या, तर आपण त्याला पुन्हा दारात उभे केले नसते.) मेंदू ठणठणीत आहे असे सांगून त्यांनी विचारले, लहानपणी डावखुरे होता का? हे "छे" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. खोटे बोलताना ते नेहमी खिडकीबाहेरच बघतात; गिऱ्हाइकाला "परवा नक्की" म्हणतानासुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या दाराने दुकानात शिरले आणि पडद्याआडून पाहिले. जमिनीवर कागदाच्या कपट्यांचा ढीग, त्यात हे आणि आपली नात. दोघांच्याही डाव्या हातात कात्री. हे दातांत जीभ धरून गोल कापत होते, आणि तो बटाट्यासारखा होत होता. नात सांगत होती, आजोबा, अंगठा वर. शाळेत तिच्या बाई रोज कात्री तिच्या डाव्या हातातून काढून उजव्यात देतात, आणि रोज सकाळी पोरीचे पोट दुखते. (मी ते सोंग समजत होते.) मी पडदा सारून विचारले, की आजोबांनी उजव्या हाताने शिकवले तर काय बिघडते?

"उजव्या हाताने शिकवणारे तिला शाळेत आहेत," हे म्हणाले.

मग खिडकीबाहेर न बघता त्यांनी कबूल केले, की जन्माचे डावखुरेच. घरच्यांनी हात बदलायला लावला. नातीला शिकवायचे तर आधी आपल्याला यायला हवे, म्हणून दाढीपासून सगळे डाव्या हाताने चालले होते. साध्या कात्रीची पाती डाव्या हातात फाकतात आणि कागद चावतात, म्हणून त्यांनी तिच्यासाठी उलट्या पात्यांची कात्री करवून घेतली. बाईंशी बोलून आले. आता ती कात्री दप्तरात जाते आणि पोटदुखी थांबली आहे. तर असे सगळे गोड झाले. तब्येतीला जपा, भाऊजींना नमस्कार सांगा.

तुमची भावजय

ता. क. सगळे गोड झाले होते, असे म्हणायला हवे. पुढच्या आठवड्यात तुम्ही येणार हे कळल्यापासून ह्यांचे सगळे पुन्हा उजव्या हाताने सुरू झाले आहे. काल जेवताना त्यांनी नातीच्या डाव्या हातातला चमचा काढून उजव्यात दिला. पोर नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. मी खोदून विचारले तेव्हा कळले, की लहानपणी जेवायला तुम्ही त्यांच्या डावीकडे बसायचात आणि त्यांचा तो हात मांडीखाली दाबून ठेवायचात. (ते काम सासूबाईंनीच तुमच्यावर सोपवले असणार, तुम्ही तरी केवढ्या होतात.) "ताईला आवडत नाही," एवढेच म्हणाले. साठीचा माणूस, वन्सं.

आणखी एक. तुम्ही या, मनापासून या. फक्त पहिल्याच जेवणाला सगळ्यांसमोर त्यांना एवढे म्हणा, की कुठल्या का हाताने होईना, पोटभर जेव. माझे ते ऐकत नाहीत. तुमचे ऐकतात, हाच तर सगळा घोटाळा आहे.

शेवटचे. हे म्हणणे जमणार नसेल, तर पाहुण्यांची खोली रंगवायला काढली आहे आणि रंगारी फार सावकाश काम करतो. (रंगारी अजून ठरवलेला नाही.)