पालकावरची नवी कीड

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनातच वाकलो). तुझे गुडघे काय म्हणतात? कंबर सोडली तर माझी तब्येत ठणठणीत आहे. अब्रू तेवढी आजारी आहे, आणि शाळेच्या बागेचं फाटक सध्या मला बंद आहे. तरी छाती दोन इंचांनी फुगली आहे. माप मीच घेतलं. शिंप्याचं माप खोटं नसतं.

झालं असं. भिंगरीच्या (आपल्या धाकट्या नातीच्या) शाळेत मुलांनी बाग केली आहे. विज्ञान फळ्यावर कमी आणि मातीत जास्त शिकवायचं, असं तिच्या बाईंचं म्हणणं. दुकान बंद केल्यापासून मी मोकळाच, म्हणून तिथे पाणी घालायला जायचो. पालकाचे दोन वाफे होते. एकात पालापाचोळ्याचं खत, दुसऱ्यात नुसती माती. दर सोमवारी पोरं पट्टी लावून उंची वहीत लिहितात. मला वाटायचं, असेल काहीतरी पोरखेळ. पंधरा दिवसांपूर्वी एका रविवारी बघतो तर एक वाफा वीतभर, दुसरा त्याच्या निम्मा! झग्याचा घेर तिरका शिवल्यासारखं ते माझ्या डोळ्यांत खुपलं. साधी कात्री धार लावायला गेलेली, म्हणून कंगोऱ्याची काढली (धागे सुटू नयेत म्हणून नागमोडी कापते ती) आणि उंच वाफा छाटून दोन्ही एका रेषेत आणले. वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

सोमवारी वर्गात हलकल्लोळ. पानांच्या कडा दातेरी बघून पोरांनी नवी कीड शोधली, तिचं चित्रही काढलं: सहा पाय आणि करवतीसारखा जबडा. मी झारी भरायच्या निमित्ताने नळाकडे सटकलो. भिंगरी मात्र भिंग घेऊन उकिडवी बसली. म्हणाली, "किडा पट्टी लावून एकाच उंचीवर कसा खाईल?" दुसऱ्या दिवशी माझ्या पेटीतली कात्री नेऊन तिने सगळ्यांदेखत एक पान कापलं आणि शेजारी ठेवलं. दाताला दात जुळला. "आजोबा, कीड तुम्ही आहात."

बाई फळ्याकडे तोंड करून हसत होत्या. आणि ताई, मला लाज वाटायच्या ऐवजी अंगावर मूठभर मांस चढलं! सख्खा आजोबा म्हणून पोरीने तसूभर सूट दिली नाही. प्रयोगाच्या वहीत लाल शाईने लिहिलंय, 'चूक: आजोबा.' आता छाटल्या दिवसापासून पुन्हा मोजणी चालू आहे, आणि खताचा वाफा परत पुढे निघालाय म्हणे. (म्हणे, कारण मी कुंपणाबाहेरून बघतो.) जन्मभर लोकांची मापं घेतली, पण माझं माप असं कुणी घेतलं नव्हतं.

तुझा,
धाकटा

ता. क. मला परत आत घ्यायला मुलं तयार आहेत, पण एका अटीवर. चूक करणाऱ्याने घरच्या मोठ्या माणसाची चिठ्ठी आणायची, हा वर्गाचा नियम आहे. माझ्याहून मोठं आता तुझ्याशिवाय कोण उरलंय? दोन ओळी लवकर लिही.

ता. क. २. 'हा लहानपणापासून शहाणा आहे' असलं काही लिहू नकोस. भिंगरी पुरावा मागेल.