ऑफिसच्या संडासाची चावी

सोमवार, ५ मे
तांदळाच्या मिलमध्ये आजपासून 'आनंदी कर्मचारी पंधरवडा'. नागपूरवरून आलेल्या नव्या मॅनेजर साहेबांची कल्पना. ड्यूटी आठची, पण योगासाठी साडेसातला या म्हणे. पॅकिंगच्या आम्ही बारा बायका अंगणात रांगेत, हात वर. नाकातोंडात धानाची धूळ आणि साहेब माईकवर, "खोल श्वास घ्या." मला खोकला आला.
मी बारावी पास, म्हणून मला 'कल्याण प्रतिनिधी' केलं. छातीवर पिवळा बिल्ला. घरी यांनी विचारलं, "हे काय लावलं?"
"मले बायकाइले खूश ठेवाचं काम देलं."
हसले. पुन्हा जाळं शिवत बसले.

बुधवार, ७ मे
फॉर्म आले. 'मी कामावर आनंदी आहे.' हो / नाही. साहेब म्हणाले, "सुनंदाबाई, सगळ्यांचे 'हो' शनिवारपर्यंत भरून द्या." भरून द्या. विचारून नाही.
जेवणाच्या सुट्टीत कांताबाईने, पोत्यांच्या शिलाईवर आहे ती, फॉर्म माझ्या हातात परत ठेवला. "तूच लिव माय. मले खाली बसवत नाही. पोटात आग होऊन राह्यली."
ती कामावर पाणी पीत नाही. आम्ही कोणीच पीत नाही. संडास एकच, ऑफिसच्या मागं. त्याला कुलूप, चावी क्लार्कजवळ, आम्हाला मनाई. आमच्यासाठी भुशाच्या ढिगामागची जागा. तिथून हायवेवरचे ट्रकवाले दिसतात. म्हणजे त्यांना आम्ही.
सहा वर्षं झाली. वहीत आज पहिल्यांदा लिहिलं.

शुक्रवार, ९ मे
कांताबाई अकरा वाजता मशीनवरच पडली. पॅकिंगमधलीच शेवंता आणि मी तिला ऑटोत घालून साकोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी पहिलंच विचारलं, "लघवी रोखून धरता का?" कांताबाई माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मी म्हटलं, "हो. आम्ही सगळ्याच."
लघवीच्या जागी जंतू झालेत, ताप त्याचाच. पंधरा दिवस आराम.
मी मिलमध्ये परत आली तर पाण्याच्या माठावर नवं पोस्टर. 'भरपूर पाणी प्या, निरोगी राहा.' आठ ग्लासांचं चित्र.
मी ते दोनदा वाचलं.

शनिवार, १० मे
फॉर्म दिले. 'हो' नाही, 'नाही'ही नाही. प्रत्येकीला विचारून एकच ओळ लिहिली, 'संडासाची चावी पाहिजे.' शेवंता घाबरली, तिचा कोरा.
साहेबांनी गठ्ठा चाळला. "हा कल्याणाचा कार्यक्रम आहे, सुनंदाबाई. तक्रारीचा नाही."
बाहेर आल्यावर दहा उत्तरं सुचली. स्वतःचाच राग.

मंगळवार, १३ मे
काल सगळ्यांशी बोलून ठेवलं होतं. आज सकाळपासून अकरा जणींनी पाणी प्यायलं. साहेबांच्या समोर, माठावर उभं राहून, पोस्टरखाली. ग्लासावर ग्लास. साहेब खूश, "व्हेरी गुड."
साडेदहाला पोटं फुगली. मी उठली. माझ्यामागं कोण येते हे पाहायची हिंमत नव्हती. मशीन एकेक बंद होताना ऐकू आलं. ऑफिसच्या मागं पोचून वळली तर सगळ्या होत्या. सर्वात पुढं शेवंता.
क्लार्क म्हणाला, "इथं कायले आल्या?"
शेवंताच बोलली, "मुताले."
साहेब धावत आले. "सगळ्या एकदम? काम थांबलं तिकडे."
मी म्हटलं, "सर, तुम्हीच लिवलं, पाणी प्या. पेलो. आता ते जाईन कुठं?"
हमालही गोळा झाले. कोणी हसलं नाही. पाच मिनिटं गेली असतील. मग साहेबांनी क्लार्ककडे न पाहता चावीसाठी हात पुढं केला.
आत पांढऱ्या टाइल्स. आरसा. आतून लागणारी कडी. मी कडी लावली आणि उगाच थोडा वेळ उभी राहिली.

गुरुवार, १५ मे
चावी खिळ्यावर टांगलेली आहे. बायका जातात, येतात.
माझी बदली मात्र धान ओततात त्या खड्ड्यावर. सगळ्यात जास्त धूळ तिथं. बिल्ला परत मागितला. देऊन टाकला. नाकाला ओढणीचे दोन पदर बांधून काम केलं. साहेब बघायला आले तेव्हा मी पोतं उचलून दाखवलं. रडायची वाट पाहत असतील तर पाहू द्या.

सोमवार, १९ मे
पंधरवडा संपला. कुलूप पुन्हा लागलं.
मालकांनी बोलावलं. दोन कागद. एकावर बायकांच्या सह्या, 'सुनंदाबाईने आम्हाला भडकवलं.' चार सह्या. शेवंताची पण. दुसरा माझा माफीनामा, टाइप करून तयार. मालक शांतपणे म्हणाले, "उद्यापर्यंत सही. नाहीतर येऊ नका."
शेवंता गेटवर थांबली होती. "पोरीचं कॉलेज हाय सुनंदा. म्या काय करू?"
मी सायकल काढली. गाव जवळ येईपर्यंत रागच होता. तळ्याजवळ आल्यावर आठवलं, त्या दिवशी सर्वात पुढं तीच होती.
यांनी विचारलं, "तुलेच काहून पुढं जा लागते?"
"तुमी तळ्यावर असता. मी मिलमध्ये असते."
मग यांनी अर्ज लिहायला चांगला पेन शोधून दिला.
उद्या मिलला नाही, भंडाऱ्याला जाते, कामगार ऑफिसमध्ये. कांताबाईचा फोन आला, बसस्टँडवर येते म्हणे, डॉक्टरांचा कागद घेऊन. ताप अजून आहे. येईल का, माहीत नाही. ऑफिसवाले ऐकतील का, तेही नाही.
अर्जात माफी मागितलेली नाही. खाली माझी सही केली. तिच्याखाली अकरा जणींपुरती जागा सोडली, त्या चौघींची धरून.