भिंतीला लावलेली वाटी

क्वीन्सटाउन, सिंगापूर
रविवार, १४ जून २०१५

तीर्थस्वरूप सौ. जया मावशीस,

नवव्या मजल्यावरून चैत्रालीचा साष्टांग नमस्कार. (मान खाली घालायचीच आहे, तर पूर्ण आडवीच पडते.) तुझा गुडघा कसा आहे? निशिकांतकाकांनी कानाचं मशीन घेतलं का? नसेल तर हात जोडते, लवकर घ्या, त्या मशीनवाचून इथे माझी अब्रू गेली आहे. आठवड्यातून दोनदा स्काईपवर बोलणाऱ्या भाचीने एकदम पत्र का लिहावं, असं तुला वाटलं असेल. सगळं सांगते, फक्त मध्येच हसू नकोस.

ती जपानी मालिका आठवते ना? (आठवेलच, प्रत्येक भाग मी तुला साग्रसंगीत सांगितला आहे.) शेजारी शेजारी राहणारी दोघं, मध्ये पातळ भिंत. तो खोकला की ही त्याच्या दाराला सूपचा डबा अडकवते आणि नाव न लिहिता पळते. अकरा भाग झाले तरी हात धरलेला नाही, आपल्याकडे एवढ्यात बारसं उरकलं असतं. पण मी प्रत्येक भागाला रडले, आणि त्या रडण्यात होती नव्हती ती अक्कलही वाहून गेली. कारण माझ्याही शेजारी एकजण राहतो, धनेश. मूळचा गुहागरचा, मरीन इंजिनिअर. आधी बोटीवर असायचा, आता इथे जहाजदुरुस्तीच्या कामावर आहे. लिफ्टमध्ये भेटला की तो विचारायचा, काय, ऑफिस? मी म्हणायचे, हो, ऑफिस. एवढीच आमची ओळख.

मार्चमध्ये तो खोकला. मी लगेच मुगाची खिचडी केली, डबा पिशवीत घालून त्याच्या जाळीच्या दाराला अडकवला आणि पळाले. नाव लिहिलं नाही. (डब्यावर तुझं नाव कोरलेलं आहे, हे पळताना लक्षात आलं नाही, आणि आमच्या मजल्यावर मराठी घरं दोनच, त्यातलं एक त्याचं.) दुसऱ्या दिवशी डबा माझ्या दाराला परत, घासूनपुसून लख्ख, आणि आत साखर. कुणाचा डबा रिकामा परत करू नये, काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालावी, हे मला तूच शिकवलंस. पण तेव्हा माझ्या डोक्यात जपान शिरलं होतं. साखर म्हणजे गोड आणि गोड म्हणजे होकार, असा अर्थ मी लावला. मग थालीपीठ गेलं, साखर आली. भरीत गेलं, साखर आली. झणझणीत मिसळ गेली, तरी साखरच आली! मी तुला स्काईपवर लाजत लाजत सांगायचे, आणि शेजारी बसलेल्या काकांना ऐकू जावं म्हणून तू ओरडून विचारायचीस की उंची किती, पगार किती, पत्रिका कधी मागवतेस.

आता खरी लाजेची गोष्ट. मालिकेतली ती मुलगी भिंतीला कान लावते, तेव्हा मागे पियानो वाजतो. मी लावला तेव्हा नीट ऐकू येईना, म्हणून आमटीची वाटी घेतली. एकदा नाही मावशी, तीन रविवार. रविवारी सकाळी तो आईला फोन करतो. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि याला रजा मिळत नव्हती. बोलता बोलता त्याचा आवाज भरून आला, तरी मी वाटी काढली नाही. मालिकेत याला प्रेम म्हणतात, आपल्यात चोंबडेपणा म्हणतात. हे लिहिताना आत्ताही कान गरम झालेत.

तिसरा रविवार म्हणजे गेला. तो आईला सांगत होता, शेजारची मुलगी सारखे डबे पाठवते, चांगली आहे बिचारी, पण रिकामा डबा परत कसा द्यायचा? मला काही करता येत नाही, साखरेचं तिसरं पाकीट आणलंय. हे ऐकलं आणि माझ्या हातून वाटी सुटली. फरशीवर ती मेली किती वेळ गोल गोल फिरत राहिली! त्याने फोन ठेवला, आणि अगदी भिंतीजवळून आवाज आला.

"चैत्राली, लागलं नाही ना तुम्हाला?"

मी पंखा बंद केला, जणू घरात नाहीच. मग तो म्हणाला, "भिंत इकडूनही तेवढीच पातळ आहे."

म्हणजे बघ. मालिकेचे अकरा भाग, माझं रडणं, "सहजच जास्त झालं होतं" या डब्याबद्दल सांगायच्या वाक्याची आरशासमोरची तालीम, आणि मुख्य म्हणजे तू, उंचीपासून पत्रिकेपर्यंत. मार्चपासून त्याने सगळं ऐकलं आणि एकदाही तसं दाखवलं नाही. त्याला ऐकू येत होतं, मी ऐकायला जात होते. हेच मला आठवडाभर खातंय. लिफ्ट सोडून मी नऊ मजले जिन्याने उतरते. काल त्याच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली, की तीन रविवार मी चोरून ऐकलं, माझं चुकलं, पुन्हा होणार नाही. उत्तर नाही. वुडलँड्सला एक खोली बघून आले आहे. ऑफिस तिथून फार लांब पडेल, पण इथे आता कुठल्या तोंडाने राहू?

तुझी,
(तोंड लपवलेली) चैत्राली

ता. क. आईला यातलं काही सांगू नकोस.

ता. क. २. पत्र का, ते कळलंच असेल. यापुढे स्काईप बंद.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तेवढ्यात दाराला पिशवी दिसली. आत डबा. साखर नाही, करपलेला शिरा आहे. (साखरेचं तिसरं पाकीट त्यातच संपलेलं दिसतं.) सोबत चिठ्ठी: "आईला विचारून केला. बाबांचा डोळा आता बरा आहे. पुढचं काही विचारायचं असेल तर दारावर या. डब्यावरच्या जया मावशींना सांगा, उंची पाच फूट आठ."

वुडलँड्सवाल्यांना अजून काही कळवलेलं नाही. पण मावशी, हा डबा तुझ्या नावाचा नाही, त्याचा स्वतःचा आहे. रिकामा कसा परत करू? त्यात काय घालून नेऊ, ते लगेच कळव. आणि कृपा करून लिहूनच कळव.