ताईच्या नावाचा रस्ता

रविवार, ९ मार्च

प्रिय बापूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट आणि सोबतचे सह्यांचे कागद मिळाले. मी बरा आहे. स्वयंपाक जमू लागलाय, भात मात्र अजून खाली लागतो. तुझ्या ताईचं कपाट आवरायला येते, असं तुझी बायको म्हणाली होती. घाई नाही म्हणून सांग.

पुढच्या मंगळवारी सुनावणी आहे. समोरच्या नव्या इमारतींना परवानगी देताना बिल्डरकडून रस्त्यासाठी जो निधी घेतला, तो कशावर खर्चायचा ते त्या दिवशी ठरेल. निधी एकाच कामाला पुरेल. एक तर रस्ता दुप्पट रुंद होईल, नाहीतर आमच्या फाटकाशी सिग्नल बसेल, मधे थांबायला दुभाजक होईल आणि बस कॉलनीच्या आत येईल. रुंदीकरणासाठी तू दारोदार हिंडलास. रस्ता अरुंद म्हणून ताई गेली, असं सगळ्यांना सांगितलंस. रस्त्याला तिचं नाव द्यायचंही तुझ्याच मनातलं. पहिल्या सहीची जागा माझ्यासाठी मोकळी ठेवली आहेस, ती पाहिली.

गेल्या आठवड्यात मी रस्ते खात्याच्या ऑफिसात जाऊन आलो. तिथल्या इंजिनीअर बाई वयाने लहान आहेत, पण नीट बोलल्या.

"काका, इथे रस्ता ओलांडणारे फार नाहीत. जानेवारीत कॅमेरा लावून पाहिलंय. म्हणून सिग्नल मागे पडला."

"आम्ही एकेकटे ओलांडत नाही," मी म्हटलं. "माणसं जमली की सगळे मिळून निघतो."

त्यांनी चित्रण पुन्हा लावलं. यंत्राने अख्खा घोळका एकच माणूस म्हणून मोजला होता. बाईंनी चित्रण थांबवलं. मग म्हणाल्या, "हे सुनावणीत कुणीतरी उभं राहून सांगायला हवं. मी आत कितीही बोलले तरी ते आतच राहतं."

तू नेहमी गाडीने येतोस, म्हणून तुला हे ठाऊक नसेल. बसस्टॉप पलीकडे आहे. माणसं जमवून न्यायची सवय तुझ्या ताईनेच कॉलनीला लावली. हात वर करून ती गाड्या थांबवायची. कोपऱ्यावरचा शिंपी विचारायचा, "हवालदारीणबाई, शिट्टी कुठाय?" ती म्हणायची, "तुझ्या बायकोला दिली. तिला जास्त गरज आहे." आणि मला सगळ्यांच्या पुढे घालायची. "हे मागे राहिले की विचार करत उभे राहतात." स्वतः सर्वांत शेवटी.

त्या चित्रणात ती आहे, बापू. हात वर केलेला. बाईंना मी काही सांगितलं नाही.

ती गेली त्या दिवशी काय झालं, ते तुलाही सांगितलेलं नाही. तू विचारलंस तेव्हा गाडी जोरात होती, एवढंच म्हणालो. आम्ही सगळे पलीकडे पोहोचलो होतो. ती निम्म्यात होती. समोरून एक गाडी आली म्हणून ती थांबली. थांबली ती रस्त्याच्या मधोमध, कारण दुसरीकडे थांबायला जागाच नव्हती. मग मागून दुसरी आली. मी वळून पाहत होतो.

रस्ता अरुंद नव्हता. तिला मधे उभं राहायला हातभर जागा हवी होती. रुंद केलात तर गाड्या आणखी जोरात जातील आणि ओलांडणाऱ्याला दुप्पट चालावं लागेल.

म्हणून मी सही करणार नाही. कागद तसेच परत पाठवतो आहे. मंगळवारी मी तुझ्याविरुद्ध बोलेन. चारचौघांत बोलताना माझी काय गत होते ते तू तुझ्या लग्नात पाहिलं आहेस. अडखळेन, पण बोलेन. तिच्या नावाची पाटी तिथे लागली, तर मला रोज त्या पाटीखालून बसला जावं लागेल. ते मला जमणार नाही.

तू रागावशील. चार लोकांत मला काही बोललास तरी चालेल. फक्त सुनावणीनंतर परस्पर निघून जाऊ नकोस, घरी ये. तिला लहानपणापासून ओळखणारं आता तुझ्याशिवाय मला कोणी नाही.

तुझ्या ताईचा, आणि म्हणून तुझाही,
भाऊजी